डी५ कुणाचे?

पाचव्या चालीला काळा आपल्या वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे एकच घर पुढे सरकवतो. ए६. या चालीने कोणावर हल्ला होत नाही, एकही मोहरे बाहेर पडत नाही, राजाही सुरक्षित होत नाही. समोर पांढऱ्याचे दोन्ही घोडे बाहेर आलेले, उंटांच्या वाटा मोकळ्या झालेल्या, आणि काळा मात्र पटाच्या कडेचे प्यादे हलवतो. नवशिक्या मुलांना जे करू नका म्हणून पुन्हा पुन्हा बजावले जाते, नेमके तेच. तरीही सिसिलियन बचावाची ही नजदॉर्फ शाखा गेली सत्तर वर्षे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या अभ्यासात आहे. बॉबी फिशर आणि गॅरी कास्पारॉव्ह या दोघांचेही ते काळ्या मोहऱ्यांचे आवडते शस्त्र होते.

डोंबिवलीत राहणाऱ्या एका बुद्धिबळ प्रशिक्षिकेच्या आयुष्याचा मोठा भाग या एका चालीभोवती गेला आहे. शाळेत असताना त्यांनी ती पहिल्यांदा खेळली, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षे खेळली, आणि आता तीच मुलांना शिकवतात. मुले त्यांना ताई म्हणतात. आपले नाव छापू नये असा त्यांचा आग्रह आहे, म्हणून इथेही त्या ताईच.

नजदॉर्फ म्हणजे पाठांतराचे जंगल, असा खेळाडूंमध्ये समज आहे. तो अगदीच खोटा नाही. पण इतक्या वर्षांनंतर ताईंचे म्हणणे वेगळे आहे. त्या म्हणतात, या बचावात लक्षात ठेवायचे घर एकच, डी५. बाकी सगळ्या शाखा त्या घरावरून चाललेल्या भांडणाच्या आहेत.

हे समजायला ए६ कडे पुन्हा पाहावे लागते. या चालीने बी५ हे घर पांढऱ्याच्या घोड्याला आणि उंटाला बंद होते. पुढे आपले प्यादे बी५ ला ढकलून वजिराच्या बाजूला जागा मिळवता येते. एवढे कोणत्याही पुस्तकात पहिल्याच पानावर असते. तिसरे कारण अधिक खोल आहे. काळ्याला ई५ खेळून पटाच्या मध्यावर बसलेल्या घोड्याला हुसकवायचे असते. तेच पाचव्या चालीला घाईने केले, तर पांढरा बी५ वर उंट आणून शह देतो, पांढऱ्या घरांतल्या उंटांची अदलाबदल करतो आणि डी५ वर नजर ठेवणारा काळ्याचा महत्त्वाचा पहारेकरी पटावरून जातो. शिवाय घोड्याला एफ५ चे सुरेख घर मिळते. म्हणून आधी ए६, मग ई५. पण ई५ नंतर काळ्याचे एकही प्यादे डी५ वर मारा करू शकत नाही, आणि डी६ वरचे प्यादे मागे राहते. काळा हा तोटा डोळसपणे पत्करतो आणि मोबदल्यात मोहऱ्यांना मोकळीक, सी पट्टीवर हत्तीचा दाब आणि वजिराच्या बाजूला पुढाकार मिळवतो. शेताच्या बांधावरून दोन भावांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या वादासारखे हे घर आहे. पीक दरवर्षी बदलते, बांध तिथेच.

ताईंना हे पहिल्या दिवशी कोणी सांगितले नव्हते. १९८०च्या दशकाची सुरुवात होती. खाडिलकर भगिनींचे नाव घरोघरी पोहोचले होते, १९८१ साली रोहिणी खाडिलकरांनी आशियाई महिला विजेतेपद जिंकले होते, आणि मुलींनी बुद्धिबळ खेळावे असे काही मध्यमवर्गीय आईवडिलांना वाटू लागले होते. दादरला जिथे ताई खेळायला जात, तिथे रेल्वेत नोकरीला असलेले एक काका येत. त्यांच्या पिशवीत बेलग्रेडहून वर्षातून दोनदा निघणाऱ्या ‘इन्फॉर्मेटर’चे जुने अंक असत. त्या अंकांत शब्द जवळजवळ नसत. मोहऱ्यांची चित्रे, घरांची अक्षरे, आकडे आणि ठरलेली चिन्हे, एवढ्यावर सगळे डाव आणि त्यांचे विश्लेषण छापलेले असे. मराठी माध्यमातल्या मुलीला ते वाचायला इंग्रजीची गरज नव्हती, रशियनची तर नव्हतीच. ताईंनी दोनशे पानी वह्या घेतल्या आणि अंक परत देण्याआधी नजदॉर्फचे डाव उतरवून काढायला सुरुवात केली.

तिखट बचाव निवडण्यामागे व्यवहारही होता. स्विस लीग स्पर्धेत जवळपास निम्मे डाव काळ्या मोहऱ्यांनी खेळावे लागतात. पहिल्या काही क्रमांकांत यायचे तर काळ्याने सतत बरोबरी करून भागत नाही. सिसिलियनमध्ये काळा पहिल्याच चालीला सी५ खेळतो, म्हणजे समोरच्याची नक्कल करायला नकार देतो. मग पट असमतोल होतो आणि दोघांनाही जिंकण्याची संधी राहते. काका म्हणायचे, बरोबरी हवी असेल तर हे पुस्तक बंद कर आणि दुसरे उघड.

एका रविवारी काकांनी तीन पट शेजारी शेजारी मांडले. तिन्हींवर एकच स्थिती लावली. तो १९५५ सालचा गोटेबोर्गचा प्रसंग होता, आणि हा बचाव समजून घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी त्यातून जावेच लागते.

स्वीडनमधल्या त्या आंतरविभागीय स्पर्धेत चौदाव्या फेरीत अर्जेंटिनाचे तीन खेळाडू सोव्हिएत संघाच्या तीन खेळाडूंविरुद्ध बसले होते. तिघेही काळ्या मोहऱ्यांनी. मिगेल नजदॉर्फ पॉल केरेसविरुद्ध, ऑस्कार पान्नो येफिम गेलरविरुद्ध आणि हर्मन पिल्निक तरुण बोरिस स्पास्कीविरुद्ध. अर्जेंटिनाच्या खेळाडूंनी एक नवा प्रकार तयार करून आणला होता. पांढऱ्याचा उंट जी५ वर आल्यावर काळा एच६ आणि मग जी५ खेळतो, राजाच्या बाजूची प्यादी उधळून देतो आणि ई५ हे घर घोड्यासाठी पक्के करतो. तिन्ही पटांवर तोच प्रकार लागला. गेलरने अकराव्या चालीला ई६ वर घोडा बळी दिला. शेजारच्या दोन पटांवरही तोच बळी पडला. काळ्याचा राजा एफ८ वर आला, पांढऱ्याचा वजीर एच५ वर, आणि तेराव्या चालीला उंट बी५ वर जाऊन बसला. ए६ च्या प्याद्याने ज्या घरावर पहारा ठेवला होता, त्याच घरावर. काळ्याला तो उंट मारायला सवड नव्हती. तिन्ही अर्जेंटिनी खेळाडू हरले.

काकांनी हे डाव दाखवून झाल्यावर पुढची तीन वर्षे एका वाक्यात ओलांडली आणि १९५८ सालचे पोर्तोरोझ मांडले. शेवटच्या फेरीत पंधरा वर्षांचा फिशर युगोस्लाव्हियाच्या स्वेतोझार ग्लिगोरिचविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी हाच प्रकार खेळला, जाणूनबुजून त्याच स्थितीत गेला आणि तेराव्या चालीला हत्ती एच८ वरून एच७ वर आणला. डाव बरोबरीत सुटला आणि फिशर कँडिडेट्स स्पर्धेला पात्र ठरला. काकांचा प्रश्न एवढाच होता: हत्तीच का? ताईंनी आठवडाभर त्यावर घालवला. पांढरा कॅसलिंग करताच त्याचा हत्ती एफ पट्टीवर येऊन राजाला शह देतो, ही खरी धमकी होती. एच७ वरून काळ्याचा हत्ती एफ७ वर जाऊन ती पट्टीच बंद करतो. एवढ्या गोंधळात बचावाची चाल साधी होती, पण ती दिसण्यासाठी पांढऱ्याची धमकी नेमकी कोणत्या पट्टीवरून येते हे आधी ओळखावे लागत होते. वहीत उतरवलेल्या चालींच्या शेजारी ‘का’ लिहायची सवय त्या आठवड्यात लागली. आजही ताईंच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत उजवीकडे एक रकाना त्यासाठी राखून ठेवलेला असतो.

ज्या माणसाचे नाव या बचावाला मिळाले, त्याची गोष्ट मुलांना सांगितल्याशिवाय ताईंचे शिबिर पुढे जात नाही. नजदॉर्फ यांचा जन्म १९१०चा, पोलंडमधला, ज्यू कुटुंबातला. १९३९ साली ते ऑलिंपियाडसाठी ब्युनोस आयर्सला गेले असताना युरोपात युद्ध पेटले. ते तिथेच राहिले. मागे राहिलेले त्यांचे कुटुंब नाझींच्या संहारात संपले. डोळ्यांनी पट न पाहता एकाच वेळी अनेक खेळाडूंशी खेळण्याचे विक्रम त्यांनी केले, १९४७ साली साओ पाउलोत तर पंचेचाळीस पटांवर. त्या विक्रमांची बातमी पोलंडपर्यंत पोहोचावी आणि कोणी जिवंत असेल तर त्याने आपल्याला शोधावे, ही त्यामागची आशा त्यांनी पुढे बोलून दाखवली होती. ए६ ची कल्पना त्यांच्याआधीही होती. चेकोस्लोव्हाकियाचे कारेल ओपोचेन्स्की ती खेळत. पण मोठ्या स्पर्धांत तिला पुन्हा पुन्हा नेऊन उभे केले ते नजदॉर्फ यांनी, म्हणून नाव त्यांचे.

सांगलीच्या मे महिन्यातल्या स्पर्धा ज्यांनी खेळल्या आहेत, त्यांना तिथला उन्हाळा वेगळा सांगायला नको. अशाच एका स्पर्धेत कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी ताईंना विषारी प्याद्याच्या प्रकारात खेचले. पांढऱ्याचा उंट जी५ वर, प्यादे एफ४ वर. काळ्याचा वजीर बी६ वर येतो आणि दोन चालींत बी२ वरचे प्यादे मारतो. आपले अर्धे मोहरे अजून पहिल्या ओळीत असताना काळा वजीर शत्रूच्या गोटात जाऊन बसतो. पांढरा हत्तीने त्याला हुसकतो, वेळ मिळवतो आणि मध्यावर प्यादी फोडून राजावर चालून येतो.

ताईंनी प्यादे घेतले आणि पुढचे चार तास बचाव केला. कॅसलिंग करता आले नाही, राजा मध्यावरच अडकला, प्रत्येक चालीला दोन धमक्या मोडून काढाव्या लागत होत्या. तेव्हा अडीच तासांत चाळीस चाली आणि नंतर डाव तहकूब अशी पद्धत होती. संध्याकाळी तहकूब झालेला डाव ताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकला, त्या एका जास्तीच्या प्याद्यावर. त्या डावानंतर त्यांचा एक समज कायमचा बदलला. तिखट बचाव खेळणाऱ्याला हल्ल्याची हौस असावी लागते असे सगळे मानतात. प्रत्यक्षात त्याच्याकडे चिवटपणा अधिक लागतो. नजदॉर्फमध्ये काळा जिंकतो तेव्हा बऱ्याचदा समोरचा हल्ला संपल्यानंतर जिंकतो, आणि तोपर्यंत टिकून राहणे हेच मुख्य काम असते.

पण हा प्रकार कोणाचाही कायमचा मित्र नाही. १९७२ साली रेकयाविकला फिशर-स्पास्की जागतिक अजिंक्यपद लढतीत सातव्या डावात फिशरने बी२ वरचे प्यादे घेतले आणि बरोबरी साधली. अकराव्या डावात त्याने ते पुन्हा घेतले. या वेळी स्पास्कीने चौदाव्या चालीला आपला घोडा सी३ वरून मागे, थेट बी१ वर नेला. आपल्या जन्मघरी परतलेल्या त्या घोड्याने काळ्या वजिराच्या परतीच्या वाटा आवळायला सुरुवात केली. काही चालींतच फिशरचा वजीर कोंडला गेला आणि एकतिसाव्या चालीला डाव संपला. पंधराव्या डावात फिशर पुन्हा नजदॉर्फकडे आला, पण विषारी प्याद्याकडे गेला नाही, शाखा बदलली. ताई हे दोन डाव शिकवतात तेव्हा वजीर बी२ वर जाण्याआधी थांबतात आणि मुलांकडून त्याच्या बाहेर पडण्याच्या वाटा मोजून घेतात. ज्याला दोन वाटा सांगता येत नाहीत, त्याने ते प्यादे घ्यायचे नाही, हा त्यांच्या वर्गाचा नियम आहे.

नव्वदच्या दशकात वारे फिरले. उंट जी५ वर नेण्याऐवजी पांढरे खेळाडू तो ई३ वर ठेवू लागले, एफ३ खेळून मध्य पक्का करू लागले, वजिराच्या बाजूला कॅसलिंग करून जी४, जी५ अशी प्यादी पुढे फेकू लागले. जॉन नन, नायजेल शॉर्ट, मरे चँडलर या इंग्लंडच्या खेळाडूंनी १९८०च्या दशकात हा आराखडा घडवला, म्हणून त्याला इंग्लिश अटॅक म्हणतात. ताईंच्या दोनशे पानी वह्यांतला मोठा हिस्सा जी५ वरच्या उंटाविषयी होता. समोरचे लोक ती चालच खेळेनासे झाले.

या टप्प्यावर अनेकांनी नजदॉर्फ सोडला. ताईंच्या बरोबरीचे काही जण शांत अशा कारो-कानकडे गेले. ताईंनी मात्र सगळ्या वह्या समोर घेतल्या आणि प्रत्येक शाखेला एकच प्रश्न विचारत गेल्या: इथे डी५ कुणाच्या ताब्यात जाते? जी५ वरचा उंट डी५ वर मारा करणारा काळ्याचा एफ६ वरचा घोडा बांधून ठेवतो. सी४ वरचा उंट थेट डी५ वर रोखलेला असतो. ई२ वर उंट ठेवणारा शांत खेळाडू काळ्याला ई५ खेळू देतो आणि मग सावकाश त्या घराला वेढा घालतो. इंग्लिश अटॅकमधला जी५ हा धक्का त्याच एफ६ वरच्या घोड्याला हाकलण्यासाठी असतो. तो घोडा गेला की डी५ मोकळे. हे असे मांडल्यावर जुन्या वह्या निरुपयोगी राहिल्या नाहीत. चाली बदलल्या होत्या, ज्यासाठी चाली खेळल्या जात होत्या ते बदलले नव्हते.

नेमक्या त्याच काळात, १९९५ साली, विश्वनाथन आनंद न्यूयॉर्कला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या एकशे सातव्या मजल्यावर कास्पारॉव्हविरुद्ध खेळत होता. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले होते. नवव्या डावात आनंद पांढरा. कास्पारॉव्हने पाचव्या चालीला ए६ खेळले, आनंदने उंट ई२ वर ठेवला, आणि डाव त्या शाखेच्या शांत वाटेने पुढे गेला. बाविसाव्या चालीला कास्पारॉव्हने ई५ ढकलले. पाच चालींनंतर आनंदने आपला हत्ती डी५ वर नेऊन ठेवला. काळ्याचा घोडा तो हत्ती मारू शकत होता, आणि त्याने मारला. पांढऱ्याचे ई४ वरचे प्यादे त्या घोड्याला मारून डी५ वर आले. आता सी४ आणि डी५ अशी दोन प्यादी खांद्याला खांदा लावून पुढे निघाली, त्यांच्यामागे उंटांची जोडी. पस्तिसाव्या चालीला कास्पारॉव्हने डाव सोडला.

वर्तमानपत्रातून चाली कापून घेऊन क्लबमध्ये तो डाव मांडला गेला तेव्हा पंधरा-वीस माणसे पटाभोवती उभी होती. प्रत्येक जण सत्ताविसाव्या चालीला थांबत होता. ताईंसाठी तो डाव वेगळ्या अर्थाने महत्त्वाचा होता. इतकी वर्षे त्या डी५ वर घोडा बसवण्याचा किंवा तो न बसू देण्याचा विचार करत होत्या. त्या घरासाठी हत्ती देता येतो, आणि ते घर शेवटी प्याद्याने भरून जिंकता येते, हे आनंदने दाखवले. आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली. दहावा डाव जिंकून कास्पारॉव्हने बरोबरी साधली, पण अकराव्या डावापासून काळ्या मोहऱ्यांनी त्याने ए६ ठेवून दिले आणि सिसिलियनचीच ड्रॅगन शाखा बाहेर काढली. ती लढत त्यानेच जिंकली. ज्याच्याइतका नजदॉर्फ कोणाला कळत नव्हता, तोही गरज पडताच दुसऱ्या शस्त्राकडे वळला. त्यानंतर ताईंनी विद्यार्थ्यांना एकाच बचावावर कधी सोडले नाही.

शिकवायला लागल्यावर हा बचाव पुन्हा नव्याने शिकावा लागला. एक मुलगा आठवीत होता. संगणकाच्या मदतीने बनवलेल्या फायलींतून त्याने नजदॉर्फच्या वीस-बावीस चाली तोंडपाठ केल्या होत्या. ठाण्यातल्या एका स्पर्धेत समोरच्या मुलीने सहाव्या चालीला एच३ खेळले. ही चाल जुनी आहे, फिशरने पांढऱ्याकडून ती खेळली आहे, पण मुलाच्या फायलीत नव्हती. तो पंचवीस मिनिटे पटाकडे पाहत बसला आणि मग घाईने खेळून हरला. घरी जाताना त्याच्या वडिलांनी ताईंना विचारले, फाईल अपुरी होती का? ताईंनी दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाला महिनाभर पांढऱ्या मोहऱ्यांनीच नजदॉर्फविरुद्ध खेळायला बसवले. एच३ मागून जी४ येते, जी५ ने घोडा हाकलायचा आणि डी५ घ्यायचे, हे त्याने स्वतः चार-पाच वेळा करून पाहिले. मग काळ्याकडून त्याला ती चाल अनोळखी वाटेना. ही पद्धत आता त्यांच्या शिबिराचा पाया आहे. काळ्याचा बचाव शिकायचा तर आधी पांढऱ्याच्या खुर्चीत बसायचे.

कल्याणची एक मुलगी उलट दिशेने आली. तिला पाठांतराचा कंटाळा होता, पण एक डाव खेळताना तिने सी८ वरचा हत्ती थेट सी३ वर मारून घोडा घेतला, हत्ती देऊन टाकला. पांढऱ्याला प्याद्याने मारणे भाग पडले, त्याची वजिराच्या बाजूची प्यादी विस्कटली, ई४ चे प्यादे निराधार झाले आणि तेही पडले. ताईंनी तिला विचारले, हे कुठे वाचलेस? तिने कुठेच वाचले नव्हते. तिचे उत्तर होते: तो घोडा तिथे असेपर्यंत मला डी५ खेळता येत नव्हते. सिसिलियनमधला हा हत्तीचा बळी जगभर शिकवला जातो, त्याची शेकडो उदाहरणे पुस्तकांत आहेत, पण त्यामागचे कारण इतक्या थोड्या शब्दांत ताईंनी आधी ऐकले नव्हते. सी३ चा घोडा डी५ आणि ई४ या दोन्ही घरांचा राखणदार. तो गेला की मागे राहिलेले डी६ चे प्यादे पुढे सरकू शकते, आणि काळ्याची सगळी अडचणच सुटते.

संगणकाविषयी ताईंना राग नाही, भीतीही नाही. इंजिन विषारी प्याद्याच्या अनेक स्थितींना शून्य देते, म्हणजे दोन्ही बाजू समान. मुले तो शून्य पाहून निर्धास्त होतात. त्यांना ताई २०२१ सालचा येकातेरिनबर्गचा कँडिडेट्समधला डाव दाखवतात. फ्रान्सचा मॅक्सिम वाशिए-लाग्राव्ह हा नजदॉर्फचा निष्ठावान खेळाडू. त्याने अमेरिकेच्या फाबियानो कारुआनाविरुद्ध विषारी प्यादे घेतले. त्या प्रकाराची त्याच्याइतकी सखोल तयारी करणारे जगात फार थोडे असतील. कारुआनाने घरी तयार केलेल्या नव्या चालीने त्याच्यापुढे एक उंट टाकला. वाशिए-लाग्राव्हला पटावर बसून, घड्याळ चालू असताना, एकामागून एक अवघड चाली शोधाव्या लागल्या. त्याने बऱ्याच शोधल्याही. पण अखेरीस कारुआना जिंकला. शून्याकडे जाणारी वाट एका माणसासाठी रुंद आणि दुसऱ्यासाठी अरुंद असू शकते, आणि इंजिन ती रुंदी दाखवत नाही. म्हणून ताई मुलांना आकडा झाकून ठेवायला सांगतात आणि विचारतात: या स्थितीत काळ्याला चालतील अशा किती चाली आहेत? एकच असेल तर ती शाखा स्पर्धेत खेळायची नाही, मग इंजिन काहीही म्हणो. नव्वद मिनिटे आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद या आजच्या वेळेत हे भान पूर्वीपेक्षा जास्त लागते. तहकूब डावाची रात्र आता कोणाला मिळत नाही.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. त्या महिन्यात ताईंकडे चौकशीसाठी आलेल्या पालकांची रीघ लागली होती. मुलगी नुकतीच मोहरे ओळखायला शिकलेली असते आणि पालक विचारतात, हिला कोणते ओपनिंग शिकवणार? ताई अशा वेळी स्पष्ट बोलतात. पहिली दोन-तीन वर्षे नजदॉर्फ नाही. आधी प्याद्यांची अखेर, हत्तीची अखेर, साधे हल्ले, राजाची सुरक्षा. ज्या मुलाला जास्तीचे एक प्यादे जिंकून देता येत नाही, त्याने बी२ वर ते मिळवण्यासाठी जीव धोक्यात घालण्याला अर्थ नाही. काही पालक हे ऐकून दुसरीकडे जातात. ताई त्यांना थांबवत नाहीत. तिखट बचाव चुकीच्या वयात शिकवला तर मूल चार डाव झटपट जिंकते आणि पुढचे चाळीस हरताना खेळ सोडून देते, हे त्यांनी डोळ्यांसमोर घडताना पाहिले आहे.

पांढऱ्यानेही गेल्या काही वर्षांत नवे मार्ग काढले आहेत. सहाव्या चालीला पांढरा आता ए३ खेळतो, हत्ती जी१ वर नेतो, एच४ ढकलतो. तीस वर्षांपूर्वी अशा चाली खेळणाऱ्याला काकांनी हटकले असते. आज जगातले अव्वल खेळाडू त्या खेळतात, कारण जुन्या वाटा इंजिनांनी इतक्या खोलवर तपासल्या आहेत की प्रतिस्पर्ध्याला तयारीबाहेर काढण्यासाठी कडेची एखादी उपयोगी चाल पुरते. ताईंना यात एक गंमतीची गोष्ट दिसते. ए६ ही कडेच्या प्याद्याची चाल होती, आणि आता पांढरा तिला कडेच्याच प्याद्याने उत्तर देतो. अशा प्रत्येक नव्या चालीचे पान त्या वहीत उघडतात तेव्हा वर नाव लिहीत नाहीत, फक्त स्थिती काढतात आणि शेजारच्या रकान्यात लिहितात: एफ६ चा घोडा कोण हाकलणार, ई५ खेळावे की ई६, पांढऱ्या घरांतला उंट कुठे बसवावा. ई६ खेळले तर डी५ वर प्याद्याचा पहारा राहतो पण पट आखडतो, ई५ खेळले तर मोकळीक मिळते पण घर सुटते. सहाव्या चालीचा हा निर्णय नजदॉर्फ खेळणाऱ्याला प्रत्येक डावात नव्याने घ्यावा लागतो. पांढऱ्याचा घोडा बी३ वर गेला की एफ३ वर, उंट ई२ वर की ई३ वर, यावर उत्तर बदलते.

यंदाच्या शिबिराचा क्रम ताईंनी ठरवला आहे. पहिल्या आठवड्यात उंट ई२ ची शांत शाखा आणि आनंदचा तो डाव. मग इंग्लिश अटॅक. गोटेबोर्ग आणि विषारी प्यादे अगदी शेवटी. कल्याणच्या त्या मुलीला हा क्रम मान्य नाही. तिचे म्हणणे, जी५ वरचा उंट आधी शिकवा, कारण तिथे चुकले तर वीस चालींत कळते, ई२ मध्ये चूक चाळिसाव्या चालीपर्यंत दिसतच नाही. तिने त्यासाठी स्वतःची फाईल बनवून आणली आहे, सहाव्या चालीला ई६ ऐवजी घोडा डी७ वर नेणारी. ताईंनी ती नीट वाचली, दोन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या आणि तिला सांगितले की या शनिवार-रविवारी सहा डाव खेळू, सगळे तुझ्या फाईलवर, पांढरे मोहरे माझ्याकडे. मुलीने वेळ किती असे विचारले. नव्वद मिनिटे आणि तीस सेकंद, असे ठरले.